निळा भोपळा

फोटोमागच्या रंगवलेल्या पडद्याचं काय करायचं हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर निघाला, आणि चहा तीनदा होऊन गेला तरी जागचा हलला नव्हता. स्टुडिओच्या मोठ्या खोलीत जमलेल्या प्रत्येकाकडे त्याचं उत्तर होतं, आणि प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवत होतं.

"आमच्याकडे भिंती एवढ्या उंच नाहीत," दादा म्हणाला. थोरला मुलगा म्हणून आधी बोलायचा मान त्याचा, आणि तो त्याने आयुष्यात कधी वाया घालवला नव्हता. "ताईकडे जिना मोठा आहे."

"जिन्यात लावू?" ताई म्हणाली. "येता-जाता त्यावरच्या पृथ्वीला कोपर लागायचं. आणि वर जळमटं काढायला कोण चढणार, तू?"

ताई दोन भावांमधली बहीण. इस्पितळात मुख्य नर्स होती आणि घरातही तिचा आवाज वॉर्डातलाच लागायचा. दादाने लगेच कपात तोंड घातलं.

धाकटी सून कोपऱ्यात लाईटच्या छत्र्या पुसत सगळं ऐकत होती. पुढच्या महिन्यापासून या खोलीत दादाच्या मुलाचा डोळ्यांचा दवाखाना सुरू व्हायचा होता. त्यावरून कुणी रडलं नव्हतं की भांडलं नव्हतं. गिऱ्हाईक आता खिशातच कॅमेरा घेऊन फिरत होतं, धाकटीचे गुडघे कुरकुरत होते, आणि स्टुडिओ बंद करू या असं पहिल्यांदा म्हणाली होती तीच. गेल्या महिन्यात तिने आत एकट्याने बसून मनसोक्त रडून घेतलं, डोळे पुसले आणि सामान बांधायला घेतलं. आता तिला खरोखर हलकं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तिने मनाशी पक्की केली होती आणि नवऱ्यालाही सांगितली नव्हती. दरवर्षी तात्यांच्या वाढदिवसाला या पडद्यासमोर सगळ्या घराचा फोटो निघायचा, आणि तो काढायची ती. आजचा इथला शेवटचा. आज ती कॅमेऱ्यामागे उभी राहणार नव्हती. आज ती फोटोत असणार होती.

ऐकायला केवढीशी गोष्ट. पण तात्यांनी कॅमेरा तिच्या हाती दिल्यापासूनचे सगळे फोटो चाळले तर त्यांत ती एकदाच सापडते, तीही टाचेपुरती. त्या वर्षी तिने कॅमेऱ्याला टायमर लावला, धावत आली, लाईटच्या वायरीत पाय अडकून पहिल्या रांगेच्या पायाशी आडवी झाली. फोटोत खाली उजवीकडे एक टाच आहे आणि वर सगळं घराणं आ वासून उभं आहे. मुलं अजून त्याला टाचेचा फोटो म्हणतात. तेव्हापासून तात्यांनी टायमर बंद केला. "यंत्राकडे बघून कुणी हसत नाही," ते म्हणाले. "कॅमेऱ्यामागे माणूस पाहिजे, आणि तोही घरचा. बाहेरचा आला की आपली माणसं पाहुण्यांसारखी हसतात." तो घरचा कायदाच झाला. घरचं माणूस म्हणजे धाकटी, हे कुणी ठरवलं नाही, पण पुढे ते कुणाला वेगळं सांगावंही लागलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तात्यांनाच विचारा ना," धाकटीचा नवरा म्हणाला. गणिताचा मास्तर. घरातही त्याला सगळे मास्तरच म्हणत. भांडण रंगात आलं की उत्तर मागच्या पानावर बघावं तसा तो वडिलांकडे बघायचा.

तात्या मधल्या खुर्चीत बसले होते. त्यांना समोरचं दिसायचं बंद झालं होतं. नजरेच्या मधोमध धुरकट डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे एखाद्याकडे नीट बघायचं असलं की ते तोंड दुसरीकडे वळवायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा रागावला. आत्ता ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे पडदाच बघत होते.

"माझं काय," ते म्हणाले. "मी रंगवला. ठेवायचा कुठे ते ज्याचं त्याने बघावं."

पडदा सबंध भिंतभर होता. काळाभोर आकाश, खाली राखाडी खडबडीत चंद्राची कड, आणि मधोमध पृथ्वी, निळी, ढगांनी माखलेली, एका बाजूने अंधारात गेलेली. तात्या तिशीचेही नव्हते तेव्हाची गोष्ट. माणसं चंद्राला फेरी मारून आली आणि त्यांनी तिथून काढलेला आपल्या पृथ्वीचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. तात्यांनी तो पेपर दुकानातून पळतच घरी आणला आणि भाजी चिरत बसलेल्या बायकोपुढे धरला.

"बघ," ते म्हणाले. "आपल्या घराचा पहिला फोटो, ज्यात मीसुद्धा आहे."

ती बाई हाडाची गंभीर. तिने सुरी खाली ठेवली, फोटो जवळून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि म्हणाली, "आधी सांगायचं तरी होतं. केस तरी विंचरले असते."

ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की सासूला कधीच न पाहिलेल्या धाकटीलाही ती सुरी ठेवल्याचा आवाज ऐकू यायचा.

त्या आठवड्यात तात्यांनी पडदा रंगवायला घेतला. आधीचे पडदे राजवाड्याचे, तळ्याचे, संगमरवरी जिन्याचे, आणि विमानाचं दार असलेला एक. ते डोळे मिटूनही रंगवता यायचे. इथे मात्र त्यांनी घोटाळा केला. पेपरातला फोटो काळा-पांढरा, रंग कळायला मार्ग नाही. तात्यांनी विचार केला, आपण राहतो मातीवर, बांधतो मातीवर, मरतो तेव्हा मातीतच जातो, तेव्हा लांबून दिसणार ती मातीच. त्यांनी पृथ्वी मनापासून, छान छटा लावून, तांबूस तपकिरी रंगवली. गिऱ्हाइकं यायची, निरखून बघायची आणि विचारायची, "हा बटाटा कशाला लावलाय?" पुढे कुठल्याशा मासिकात रंगीत फोटो आला. तात्या तो घेऊन पडद्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी निळ्या रंगाचे डबे आणले आणि सगळी माती समुद्रात बुडवली. बटाट्याचा भोपळा झाला तो असा. भोपळा हे नाव मात्र पुढे थोरल्या सुनेने ठेवलं.

"एवढं आयुष्य पाण्यावर काढलं आणि कळलं नाही," तात्या नंतर सांगायचे. "कळायला चंद्रावर जावं लागलं, तेही दुसऱ्याला."

अजूनही जिथे रंगाला भेगा पडल्या आहेत तिथून खालची माती डोकावते.

"मला विचाराल तर सरळ फोडी करा," दादाची बायको थोरली म्हणाली. ती दाराशी मुलांसाठी पावाला लोणी लावत बसली होती. "भोपळाच आहे. आम्हाला एक, ताईंना एक, मास्तरांना एक. वाद मिटला."

"मला नुसतं पाणी नको हं," ताई म्हणाली. "जमीन असलेली फोड पाहिजे."

"जमीन आहेच कुठे त्यात?" धाकटीची लेक हसली. घरात तिला चिऊ म्हणत. ती उपग्रहांनी पाठवलेली चित्रं बघून कुठल्या धरणात किती पाणी, कुठल्या शेतात कसलं पीक हे सांगायचं काम करायची, आणि तात्यांचा त्या नोकरीवर भारी जीव होता. "आजोबा, खरं सांगू? मी पृथ्वी रोज बघते. या पडद्यावरचा एकही किनारा खरा नाहीये."

"ढगाखाली काय आहे ते मला काय ठाऊक?" तात्या म्हणाले. "मला पेपरात ढग दिसले. मी ढग काढले."

"पण आमच्याकडे कुणी अशी सबंध बघतच नाही हो. आम्ही तुकडा मोठा करतो, मोजतो, पुढे जातो. परवा एक नवीन मुलगा आला कामाला. पहिल्या दिवशी म्हणाला, आमचं घर दाखव. सगळे हेच म्हणतात. एवढी पृथ्वी समोर असते आणि आधी घर शोधतात."

"मग शोधणारच," थोरली म्हणाली. "दुरून डोंगर साजरे. तिकडून दिसते निळी आणि गोल, इथे जवळ या, पलीकडे भांड्यांचा ढीग पडलाय, तो त्या फोटोत नाही."

सगळे हसले. धाकटीही हसली, पण जरा जपून. थोरलीच्या हसण्यात आपला वाटा किती हे तिला इतक्या वर्षांत नीट कळलं नव्हतं.

त्या दोघींत भांडण असं कधी झालं नाही. थोरली आधी या घरात आली. पहिल्याच दिवशी तात्यांनी तिला पडद्यापुढे नेलं आणि घरातल्या प्रत्येकाला विचारतात ते विचारलं, "यात तू कुठे आहेस?" हा तात्यांचा खेळ होता. नवीन सून असो की रांगणारं पोर, त्याने कुठेही बोट ठेवावं आणि तात्यांनी म्हणावं, "बरोबर." बोट कुठेही असो, उत्तर तेच. पोरांची उंची ती केवढी, सगळ्यांची बोटं खालच्या समुद्रात पडायची. तिथला रंग पुसट झाला होता आणि मास्तर म्हणायचा, आपलं सगळं घराणं पाण्यात राहतं. नव्या थोरलीने मात्र पडदा खालपासून वरपर्यंत पाहिला आणि सरळ सांगितलं, "यात मी कुठेच नाही. हा निळा भोपळा आहे." तात्यांना ते लागलं की आवडलं, कुणास ठाऊक. पुढे त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली आणि कॅमेरा कुणाला शिकवायचा हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नुकत्याच आलेल्या धाकटीला हाक मारली. थोरली तेव्हा शेजारीच उभी होती. ती तशीच आत गेली. त्यानंतर वाढदिवसाचा फोटो सोडला तर ती स्टुडिओत यायची ती चहा घेऊन, आणि दारातच थांबायची.

"फोडीबिडी काही नकोत," दादा म्हणाला. "विनोद पुरे. गुंडाळून माळ्यावर टाकू."

"गुंडाळला तर रंगाचे पोपडे निघतील," धाकटी म्हणाली. तिला ते बघवलं नसतं.

"मग करायचं काय?"

थोरलीने पावावरची सुरी पुसून बाजूला ठेवली. "काही करायचं नाही. तो कुठे जायचा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुमचा सकाळपासून. भिंत इथेच राहणार ना? मी पोराला सांगून टाकलंय. पेशंट बसायचे ते इथेच बसतील, पडद्यासमोर."

"दवाखान्यात? पांढऱ्या भिंती पाहिजेत म्हणत होता तो," दादा म्हणाला.

"म्हणत होता. मी म्हटलं, जागा आजोबांची, पडदा आजोबांचा, तुझं नुसतं यंत्र. बाकीच्या भिंती पांढऱ्या कर. ज्याला ढग दिसले त्याचे डोळे शाबूत. ज्याला भोपळा दिसला त्याला आत घे."

दादाने बायकोकडे पाहिलं. आपल्या घरात हे कधी ठरलं हे त्याला उमगत नव्हतं, आणि तसं ते त्याला पुष्कळदा उमगत नसे. ताईने लगेच बाजू बदलली. "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे. मी पहिल्यापासून हेच म्हणत होते," ती म्हणाली, आणि कुणी तिला खोडून काढलं नाही.

धाकटीच्या हातात ओलं फडकं तसंच राहिलं. या पडद्याला सगळ्यांत जास्त नावं ठेवली ती थोरलीने, आणि आज त्याला जागा मिळवून दिली तीही तिनेच. धाकटीला एकदम भरून आलं आणि थोडी लाजही वाटली.

"चला," दादा उठला. "प्रश्न मिटला. फोटो काढू आणि जेवू. धाकटे, लाव तुझा कॅमेरा."

सगळे आपापल्या जागी सरकले. जागा वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या. मधे तात्यांची खुर्ची, उजवीकडे दादा, डावीकडे ताई, मागे पुरुषमंडळी, खाली बैठकीवर पोरंटोरं. धाकटीने कॅमेरा स्टँडवर बसवला, छत्र्या वळवल्या, प्रकाश बघितला. मग ती तिथून बाजूला झाली.

"मी आज काढणार नाही," ती म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. खाली बसलेली पोरंसुद्धा वळून बघू लागली.

"बरं वाटत नाही का?" ताईने वॉर्डातल्या आवाजात विचारलं.

"छान वाटतंय. मला फोटोत यायचंय."

"अगं, मग काढणार कोण?" दादा म्हणाला.

"ते मला माहीत नाही. दरवर्षी मी माझं माझं ठरवते. आज तुम्ही ठरवा."

आता जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. चिऊ पटकन म्हणाली, "आई, मी काढते." पण धाकटीने मान हलवली. लेक नसलेल्या फोटोत तिला यायचं नव्हतं. मास्तर काढायला तयार होता, पण त्याने काढलेल्या फोटोंत माणसं गळ्यापासून खाली असतात, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. दादाने शेजारच्या दुकानदाराला बोलवायची सूचना केली, पण तात्यांचा चेहरा बघून आपली आपणच मागे घेतली.

"धाकटे," तात्या म्हणाले. त्यांनी तोंड दाराकडे वळवलं, म्हणजे आता ते तिला बघत होते. "तू आहेस की फोटोत. मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. काढणारा मागे असतो." त्यांनी खांद्यावरून पडद्याकडे बोट दाखवलं. "यात कुणी राहिलेलं नाही. तू आहेस, मी आहे, सगळे आहेत."

इतकी वर्षं याच वाक्यावर तिने काढली होती. आणि ते खोटं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, माहेरच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा तेव्हा, ती दुपारी एकटी या पडद्यापुढे बसायची. आई त्यात आहे आणि आपणही त्यातच आहोत, एकाच गोळ्यावर, म्हणजे फार लांब नाही, असं मनाशी म्हणायची. राजवाड्याच्या पडद्यापुढे माणसं ताठ उभी राहायची, प्रत्येक जण आपल्यापुरता राजा. याच्यापुढे मात्र न सांगता एकमेकांजवळ सरकायची, एखादा हात कुणाच्या खांद्यावर जायचा. हे तिने शेकडो वेळा भिंगातून पाहिलं होतं. तात्या म्हणतात त्यात दम होता.

"तात्या, त्यात मी आहे हे मला कबूल आहे," ती म्हणाली. "पण त्यात मी दिसत नाही."

तात्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर फिरत राहिला.

बोलली ती थोरली. तिने लोण्याची वाटी झाकली आणि उंबरठा ओलांडून आत आली.

"तात्या, रागावू नका, पण एक विचारते. कॅमेरा सोडल्यापासून तुम्ही दरवर्षी मधल्या खुर्चीत असता. एकदाही म्हणाला नाहीत, की मी मागे भोपळ्यात आहे, मला पुढे बसवू नका."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग तात्यांचेच खांदे हलू लागले, आणि सगळी खोली हसली.

"सापडलो," तात्या डोळे पुसत म्हणाले. "पुढे मजा येते हे खरं. तिकडे लपून राहायचो तेव्हा कळलं नव्हतं."

"मग सरकू द्या तिला पुढे," थोरली म्हणाली. "मी काढते."

"तू?" दादा म्हणाला. "तू कधी कॅमेऱ्याला हात तरी लावलायस का?"

"कुणी लावू दिला तर लावतं माणूस."

हे तिने दादाकडे बघून म्हटलं, पण ज्याला पोचायचं त्याला पोचलं. तात्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि थोरलीला नीट बघितलं. "मी तेव्हा तुला विचारायला हवं होतं," ते हळूच म्हणाले.

"आता विचारा."

"काढतेस?"

"काढते."

धाकटी तिला कॅमेरा दाखवायला पुढे झाली. इथे फिरवायचं, इथे दाबायचं, असं सांगायला तिने तोंड उघडलं तोवर थोरलीने डोळा लावलासुद्धा होता.

"डावीकडची छत्री खाली घे," ती म्हणाली. "ताईंच्या चष्म्यावर लाईट चमकतोय."

छत्री खरंच खाली घ्यायला हवी होती. धाकटी बघतच राहिली. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"दारात उभी राहून चहा काय मी आंधळी होऊन द्यायचे? जा, उभी राहा. जेवण गार होतंय."

धाकटी वळली आणि तिच्या लक्षात आलं की तिला जागाच नाही. सगळ्यांच्या जागा तिनेच लावलेल्या होत्या, आणि त्यांत स्वतःची कधी धरली नव्हती. ती क्षणभर पोरांच्या पुढे तशीच उभी राहिली. भिंगाच्या या बाजूला प्रकाश केवढा डोळ्यांवर येतो हे तिला आजच कळत होतं, आणि हातांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

"इथे ये," मास्तर मागच्या रांगेतून म्हणाला.

त्याच्या शेजारी एका माणसापुरती फट होती. ती फट तिच्या चांगलीच ओळखीची होती. दरवर्षी ती भिंगातून ओरडायची, "अहो, सरका ना, मधे खिंडार पडलंय," आणि मास्तर सरकल्यासारखं करून तिथेच उभा राहायचा. फोटो बिघडवणारा माणूस म्हणून तिने त्याच्या नावाने किती बोटं मोडली असतील.

"ही जागा दरवर्षी..." ती त्याच्याजवळ जात म्हणाली.

"तुझी होती," मास्तर म्हणाला. "टाचेच्या फोटोच्या वेळी धरली होती. तू वाटेतच पडलीस. म्हटलं राहू दे, कधीतरी पोचेल."

"मग बोलायचं नाही का कधी?"

"तू ओरडत असायचीस ना."

तिला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं, आणि नेमकं त्याच वेळी समोरून थोरलीचा हुकूम आला, "रडायचं नंतर. अहो, पोट आत. ताई, हनुवटी जरा खाली. चिऊ, तो फोन ठेव. आणि सगळ्यांनी इकडे बघा, माझ्याकडे. यंत्राकडे नाही."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. एक डोळा मिटून, ओठ दाबून, लोण्याचा हात मागे धरून ती वाकली होती, आणि तिचा चेहरा असा काही खुलला होता की बघणाऱ्याला हसायला सांगावंच लागलं नाही.

क्लिक झालं. पाठोपाठ आणखी एकदा.

बाजूच्या खोलीतल्या मशीनमधून छापलेला फोटो चिऊ दोन बोटांत धरून घेऊन आली आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. फोटो उत्तम आला होता. मागे पृथ्वी सबंध, पुढे घराणं सबंध, दादाचं पोट आत, कुणाचं डोकं छाटलेलं नाही. आणि मागच्या रांगेत मास्तरशेजारी धाकटी. तिचा एक हात वर होता आणि तोंड उघडं होतं. खाली बसलेल्या कुठल्याशा पोराला ती "हलू नकोस" म्हणत होती.

"घ्या," थोरली म्हणाली. "इतक्या वर्षांनी बाई फोटोत आली, तर तिथूनही फोटोच काढतेय. चल, उभी राहा परत. तोंड मिटून."

"नको," धाकटी म्हणाली. तिने फोटो हातात घेतला. भेगेतून दिसणाऱ्या तांबूस मातीच्या बरोबर खाली तिचा चेहरा होता, स्पष्ट, पन्नाशी उलटलेला, आणि कामात असलेल्या माणसाचा. "हाच राहू द्या. अशीच आहे मी."

फोटो हातोहात फिरला. ताईने स्वतःला पाहून हनुवटीबद्दल तक्रार केली, पोरांनी एकमेकांना ढकललं, तात्यांनी तो नाकाशी धरून तोंड पार भिंतीकडे फिरवून पाहिला आणि मान डोलावली. तो परत धाकटीकडे आला तेव्हा तिने सवयीने तो पुन्हा एकदा कडेपासून कडेपर्यंत तपासला. कुणी राहिलं तर नाही ना, हे बघायची सवय सुटणार कशी?

"वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही राहिलात."

थोरली लाईट बंद करत होती. ती थांबली. तिने धाकटीच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं, पण तो हातात घेतला नाही. ती सरळ पडद्यापाशी गेली. लग्नाच्या पहिल्या दिवशी उभी होती तशीच समोर उभी राहिली, खालपासून वरपर्यंत बघत. खालच्या समुद्रात सगळ्या घराच्या बोटांचे पुसट ठसे होते. तिने तिथे नाही बघितलं. तिने चवड्यांवर उभं राहून हात उंच केला, आणि वरच्या ढगांत, जिथे कुठल्याच पोराचा हात कधी पोचला नव्हता आणि रंग अजून कोरा होता, तिथे लोण्याने माखलेलं एक बोट टेकवलं.

तात्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं, म्हणजे ते तिच्याकडेच बघत होते.

"बरोबर," ते म्हणाले.